एका तासाची सरासरी तीन ठिकाणी तीन वेगळी का येते?

प्रश्न अंबडकडच्या एका पोराचा आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. काकाच्या मोसंबीच्या बागेत साडेसात एचपीची मोटर आहे, तिच्या वायरवर करंट सेन्सर लावलाय, ईएसपी३२ (वायफायवाला छोटा बोर्ड) वरून रीडिंग सर्व्हरला जातं. मोटर चालू असली की दर ३० सेकंदाला रीडिंग, बंद असली की दर ५ मिनिटाला (डेटा वाचवायला), आणि चालू-बंद होतानाचं रीडिंग त्याच क्षणी. त्या दिवशी मोटर १०.०० ला चालू झाली, १०.१० ला बंद, चालू असताना १२ अँपिअर. ११ वाजता "मागच्या तासाची सरासरी" बघितली तर बोर्डावरचा कोड म्हणतोय २, पायथॉनमध्ये पांडाज नावाच्या डेटाच्या लायब्ररीनं काढली तर ७.६, आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर बसवलेला डॅशबोर्ड म्हणतोय ० 😀 आणि पोरगं विचारतंय, "दादा, यातलं बरोबर कोणतं?"

हे बघ, बरोबर उत्तर २ आहे. पण तुझ्या बोर्डाला ते २ चुकून आलंय, त्यामुळं त्याच्यावर विश्वास ठेवू नको. तिन्ही प्रोग्राममध्ये कोडची चूक अशी काहीच नाही, तिन्हींना तू तीन वेगळे प्रश्न विचारलेत आणि तिन्हींनी आपापल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलंय. मी बरीच वर्षं कारखान्यातल्या मशीनचा डेटा बघतोय आणि निम्मी भांडणं ह्याच कारणानं होतात, प्रॉडक्शनवाल्याचा आकडा वेगळा, मेंटेनन्सवाल्याचा वेगळा, आणि दोघंही म्हणतात "तासाची सरासरी".

आधी बोर्ड. शेवटची रीडिंग ठेवायला तू १२० जागांचा ॲरे (रांगेतले कप्पे, नवीन आलं की सगळ्यात जुनं बाहेर) केलास कारण ३० सेकंदाला एक म्हणजे तासाला १२०. पण तुझं रीडिंग काही कायम ३० सेकंदाला येत नाही. ११ वाजता त्या ॲरेमध्ये १२ ची २० रीडिंग आहेत आणि शून्याची १००, २४० भागिले १२०, झालं २. आता गंमत बघ, मोटर नंतर दिवसभर बंदच राहिली तर नवीन रीडिंग ५ मिनिटाला एकच येणार, म्हणजे ती १२ ची २० रीडिंग बाहेर ढकलली जायला सुरुवातच साडेसहाला होते. तोपर्यंत तुझा बोर्ड संध्याकाळी पाचला पण "मागच्या तासात सरासरी २ अँपिअर" असंच सांगत बसणार, आणि मोटर तर सकाळी दहा-दहालाच बंद झालेली. शेवटची एन रीडिंग म्हणजे शेवटचा एक तास नव्हे, हे डोक्यात पक्कं बसव. रीडिंग घड्याळासारखं नेमानं येत असेल तरच दोन्ही एक होतात, आणि आपल्याकडं लाईट आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा किती ते तुला माहितीच आहे.

आता पांडाज. तिथं तू रोलिंगला (सरकती सरासरी काढणारं फंक्शन) ६० मिनिटं दिलीस, म्हणजे विंडो, ज्या तुकड्याची सरासरी काढायची तो, खरंच वेळेची झाली, हे चांगलं केलंस. पण ७.६ आले कारण पांडाज विंडोत सापडलेल्या रीडिंगची साधी सरासरी काढतं, प्रत्येक रीडिंगला सारखं वजन. चालूची रीडिंग दाट, बंदची विरळ, त्यामुळं १० मिनिटांच्या चालूला ५० मिनिटांच्या बंदपेक्षा जास्त मतं मिळाली. हा सगळ्यात वाईट प्रकार असतो, रीडिंग किती दाट येणार हेच मुळात किमतीवर, म्हणजे रीडिंगच्या आकड्यावर, अवलंबून आहे, त्यामुळं चूक एकाच बाजूला जाते आणि कितीही दिवस डेटा गोळा केला तरी कमी होत नाही. प्रोमिथियस (सर्व्हरवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) मधलं ॲव्हरेज ओव्हर टाइम पण असंच रीडिंग मोजून भागतं बरं का, नावात टाइम आहे म्हणून फसू नको, तिथं चालून जातं कारण स्क्रेप, म्हणजे रीडिंग गोळा करणं, ठरलेल्या अंतरानं होतं.

आणि ७.६ च का, ८ का नाही? कारण पांडाजची वेळेची विंडो डीफॉल्टला डावीकडं उघडी आणि उजवीकडं बंद असते. म्हणजे बरोबर १०.०० चं रीडिंग बाहेर राहिलं आणि ११.०० चं आत आलं, १२ ची १९ आणि शून्याची ११, २२८ भागिले ३०. उलटं केलं, १०.०० आत आणि ११.०० बाहेर, तर २० आणि १०, उत्तर ८. पोस्टग्रेसमध्ये हेच रेंज बिटवीन लिहून एक तास मागंपर्यंत घेतलं तर दोन्ही टोकं आत येतात, २४० भागिले ३१, म्हणजे ७.७४. डेटा तोच, टोकाला कोण आत कोण बाहेर एवढ्यावरून तीन आकडे. (पोस्टग्रेसमध्ये ही वेळेची रेंज ११ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१८ पासून चालते. आणि रेंजच्या जागी इंग्रजी "रोज" (ROWS, म्हणजे ओळी) बिटवीन लिहिलंस तर परत ओळी मोजायला लागशील, बोर्डासारखंच.) कोणतं टोक घ्यायचं हे एकदा ठरवायचं आणि सगळीकडं तेच ठेवायचं. मी डावं आत आणि उजवं बाहेर घेतो, कारण मग लागून असलेले दोन तास एकमेकांवर चढत नाहीत आणि मध्ये फट पण राहत नाही.

राहिला डॅशबोर्ड, तो शून्य म्हणतोय. त्याची क्वेरी डेट ट्रंकनं (वेळ पूर्ण तासावर कापणारं फंक्शन) तासाचे कप्पे पाडते, आणि कनेक्शन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, आणि त्या "साडे"नं सगळा घोळ होतो. यूटीसीचा पाचचा कप्पा म्हणजे आपले १०.३० ते ११.३०. ११ वाजता डॅशबोर्ड तो चालू कप्पा दाखवतोय, त्यात मोटर चालूच नव्हती, म्हणून शून्य. जिथं वेळेचा फरक पूर्ण तासाचा आहे तिथल्या लोकांना तासाच्या कप्प्यात हा त्रास होत नाही, त्यामुळं तिकडं लिहिलेल्या ट्युटोरियलमध्ये हे सापडणार पण नाही. कॉलम टाइमझोनवाला ठेव आणि सेशनचा टाइमझोन एशिया कोलकाता कर, कप्पे आपोआप आपल्या तासाला लागतील.

पण कप्पे नीट लागले तरी कप्पा आणि सरकती विंडो ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठवाड्यात हे समजवायला पावसाइतकं चांगलं उदाहरण नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३०. आणि मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी. आता समज पाऊस सकाळी ६.३० ला सुरू झाला आणि १०.३० पर्यंत सारखा पडून ८० मिमी झाला. ८.३० ची रेघ मधोमध पडली, ४० कालच्या दिवसात, ४० आजच्या दिवसात, दोन्ही दिवस ६५ च्या खाली. सरकती २४ तासांची विंडो लावली तर सरळ ८० दिसतात. शेतात पाणी तेवढंच साचलंय. कोणती पद्धत वापरायची हे नियम लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपण कोणती वापरतोय हे माहीत पाहिजे.

आता खरं काम, वेळेच्या वजनानं सरासरी. प्रत्येक रीडिंगची किंमत पुढचं रीडिंग येईपर्यंत टिकली असं धरायचं, किंमत गुणिले टिकलेले सेकंद, सगळ्यांची बेरीज, भागिले विंडोचे सेकंद. तुझ्या केसमध्ये १२ गुणिले ६०० सेकंद, भागिले ३६००, उत्तर २. चालू-बंद होताना लगेच रीडिंग पाठवायची अक्कल तू आधीच लावलीस म्हणून हे नेमकं आलं. ते नसतं तर शेवटचं १२ पुढं ५ मिनिटं ताणलं गेलं असतं आणि २ चे ३ सहज झाले असते.

किंमत टिकली असं धरणं मोटरच्या करंटला योग्य आहे कारण मोटर एकतर चालू नाहीतर बंद. टाकीची पातळी किंवा तापमान असेल तर ते हळूहळू सरकतं, तिथं दोन रीडिंगच्या मध्ये सरळ रेघ ओढून खालचं क्षेत्रफळ घ्यायचं. आणि वाऱ्याची दिशा असेल तर दोन्ही नको, ३५९ अंश आणि १ अंश ह्यांची सरासरी १८० येते, उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो, तिथं साइन-कोसाइन वेगळे घेऊनच सरासरी काढावी लागते.

ह्यात एक बग असा आहे की जवळपास प्रत्येकाच्या कोडमध्ये सापडतो. विंडोच्या बाहेर गेलेलं रीडिंग लोक लगेच फेकून देतात. समज विंडो १०.०० ला सुरू होते, आधीचं रीडिंग ९.५८ चं, १२ अँपिअर, आणि पुढचं १०.०३ चं, शून्य. १०.०० ते १०.०३ मोटर चालू होती, पण ते सांगणारं रीडिंग विंडोच्या बाहेर आहे. फेकलंस तर ती तीन मिनिटं गेली, तासाच्या सरासरीत ०.६ अँपिअर गायब. म्हणून बाहेर गेलेल्यांपैकी शेवटचं एक रीडिंग कायम हातात ठेवायचं, आणि त्याचा फक्त विंडोच्या आतला तुकडा मोजायचा.

कोड कसा लिहायचा? डेटा थोडा असेल तर डोकं चालवूच नको, पांडाजमध्ये रिसॅम्पल करून एका-एका सेकंदावर पसरव, मागची किंमत पुढं भर, मग साधं रोलिंग. दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात, लॅपटॉपला ते काहीच नाही. एसक्यूएलमध्ये लीड वापरून पुढच्या रीडिंगची वेळ बाजूला घ्यायची, वजा करून सेकंद काढायचे, गुणाकार, बेरीज, आणि विंडोच्या टोकाला ग्रेटेस्ट-लीस्टनं कापायचं. टाइमस्केल (पोस्टग्रेसवरचं एक एक्स्टेन्शन) वापरत असशील तर त्याच्या टूलकिटमध्ये टाइम वेट नावाचं फंक्शन तयारच आहे, किंमत टिकवायची की सरळ रेघ ओढायची हे पण निवडता येतं.

पण तुझ्या जागी मी असतो तर हे सगळं सर्व्हरवर करायच्या आधी बोर्डावरून पाठवायची गोष्टच बदलली असती. आत्ताचा करंट तर पाठव, पण त्याच्यासोबत एक चढता काउंटर पाठव, सुरुवातीपासून आजपर्यंतचे एकूण अँपिअर-सेकंद. महावितरणचं मीटर हेच करतं, ते सरासरी सांगत नाही, नुसता आकडा चढवत राहतं आणि चालू रीडिंग वजा मागचं रीडिंग केलं की महिन्याचं युनिट निघतं, मध्ये वीस दिवस कोणी फिरकलं नाही तरी युनिट बुडत नाही. तसंच इथं, ११.०० चा काउंटर वजा १०.०० चा काउंटर, भागिले ३६००. मध्ये नेटवर्क गेलं, चाळीस रीडिंग पोचलीच नाहीत, तरी सरासरी पक्की. विंडो तासाची हवी, दिवसाची हवी, पाळीची हवी, एकच वजाबाकी. बोर्ड रीस्टार्ट झाला की काउंटर शून्यावर येईल, तेव्हा आकडा अचानक खाली आला म्हणजे रीस्टार्ट झालं असं समजून नव्यानं मोजायला लागायचं, किंवा मधूनमधून फ्लॅशमध्ये लिहून ठेवायचं (दर सेकंदाला लिहू नको, फ्लॅश झिजते).

काउंटर फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांचा प्रकार) मात्र ठेवू नको. ईएसपी३२ चं हार्डवेअर सिंगल प्रिसिजनच करतं, म्हणजे २४ बिट, साधारण सात आकडे. १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर आकडा हलतच नाही. १२ अँपिअरनं मोटर साधारण सोळा दिवस चालली की तू तिथं पोचतोस. त्याच्या पुढं सेकंदाला अर्धा अँपिअर मिळवत राहिलास तर कोडमध्ये बेरीज होतीय, प्रत्यक्षात काहीच होत नाही, आणि एरर पण येत नाही. मिलिअँपिअर-सेकंद घे, ६४ बिटच्या इंटिजरमध्ये (पूर्णांकात) ठेव, विषय संपला. इंटिजरमध्ये मिळवलेलं वजा केलं की तंतोतंत शून्य येतं. फ्लोटमध्ये रनिंग बेरीज ठेवून नवीन मिळवायचं आणि जुनं वजा करायचं असं महिनोन्महिने केलं तर थोडी-थोडी घाण साचत जाते. त्यावर काहान समेशन नावाचा उपाय आहे, विल्यम काहान यांचा, १९६५ चा, पडलेला चुरा बाजूला जपून पुढच्या बेरजेत घालायचा. पण जिथं इंटिजर चालतंय तिथं त्याची गरजच नाही.

आणि नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे "हा आकडाच नाही"). सेन्सरनं एकदा रीडिंग दिलं नाही आणि लायब्ररीनं नॅन पाठवला (डीएचटीवाले तापमानाचे सेन्सर हमखास असं करतात) आणि तो तू रनिंग बेरजेत मिळवलास, तर ती बेरीज कायमची नॅन. नॅन वजा नॅन पण नॅनच. तासाभरानं ते रीडिंग विंडोतून जाईल पण घाण जाणार नाही, बोर्ड रीस्टार्ट करेपर्यंत. बेरजेच्या दारातच अडव.

घड्याळाचं पण सांगतो. किती सेकंद गेले हे मोजायला मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वापर किंवा मायक्रोसेकंदाचा ६४ बिटवाला टायमर, भिंतीवरचं घड्याळ नको, कारण एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) ते मागं-पुढं ढकलू शकतं आणि मग एखाद्या रीडिंगला उणे चार सेकंद वजन मिळतं. मिलिस ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, पण आत्ताचं वजा मागचं असं अनसाइन्डमध्ये (उणे न होणारा इंटिजर) केलं तर ती उडी आपोआप पचते, बेरीज करून तुलना केली तर नाही पचत. आणि बोर्ड चालू झाल्याझाल्या एनटीपी मिळायच्या आत पाठवलेली रीडिंग १९७० सालची असतात. तुझ्या टेबलमध्ये १ जानेवारी १९७० ची रीडिंग असणारच, बघ शोधून.

उशिरा येणाऱ्या रीडिंगला वेळ बोर्डावरचीच लाव, सर्व्हरला पोचल्याची नको. नाहीतर नेटवर्क आलं की साठलेली चाळीस रीडिंग एकाच सेकंदात घुसतात आणि ग्राफवर उभी भिंत दिसते. आणि उशिरा आलेल्यामुळं मागचे तास बदलतात, ते परत काढायची सोय ठेव. फ्लिंकसारख्या मोठ्या सिस्टिममध्ये ह्यासाठी वॉटरमार्क वगैरे असतं, एका मोटरसाठी तेवढं नको, रात्री एकदा मागचे दोन दिवस परत मोजले तरी भागतं.

आता फट. रीडिंग नाही म्हणजे काय समजायचं? इथं सॉफ्टवेअर कामाला येत नाही, शेत माहिती असावं लागतं. थ्री फेज गेली आणि सिंगल फेजवर बोर्ड जिवंत आहे, तर करंट शून्य आहे हे नक्की माहिती आहे, ते शून्यच मोजायचं. पण बोर्डच मेला किंवा टॉवर गेला, तर मोटर चालू होती की बंद हे माहिती नाही, तिथं शून्य पण नको आणि मागची किंमत पुढं ताणणं पण नको. म्हणून किंमत टिकवायला मर्यादा घाल, तुझं सगळ्यात लांब अंतर ५ मिनिटं आहे तर १० मिनिटांच्या पुढं "माहीत नाही". छेदात फक्त माहीत असलेले सेकंद घे आणि सरासरीच्या शेजारी किती टक्के वेळ माहीत होता हे दाखव. एसक्यूएलचं ॲव्हरेज नल (रिकामी जागा) सोडून देतं, म्हणून काही जण कोअलेस फंक्शन लावून त्याचं शून्य करतात आणि अर्थच बदलून बसतात. आपल्या देशाच्या हवेच्या निर्देशांकात पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घेतात आणि त्यातल्या किमान १६ तासांचा डेटा असला तरच आकडा देतात. तू पण अशी एक रेघ ठरव, पाऊण तासापेक्षा कमी माहिती असेल तर आकडा दाखवूच नको, डॅश दाखव. पांडाजची वेळेची विंडो डीफॉल्टला एका रीडिंगवर पण बिनधास्त तासाची सरासरी देते, ते मिन पिरियड्स (किमान किती रीडिंग हवीत ती सेटिंग) बघून घे.

महिन्याचा डेटा साठवायचा असेल तर मिनिटाचे कप्पे कर, पण कप्प्यात सरासरी ठेवू नको, बेरीज आणि माहीत असलेले सेकंद हे दोन आकडे ठेव. सरासरीची सरासरी फक्त कप्पे सारखे भरलेले असतील तरच बरोबर येते, आणि ते कधीच नसतात.

एक्स्पोनेन्शियल सरासरीचं पण विचारलं होतंस, म्हणजे जुन्या सरासरीत नव्या रीडिंगचा थोडा हिस्सा (अल्फा) मिसळत जायचा, ती पण वाईट नाही. एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो, बफर नको. फक्त रीडिंगचं अंतर बदलतं असेल तर अल्फा ठरावीक ठेवू नको, दर वेळी १ वजा ई चा उणे (गेलेले सेकंद भागिले टाऊ) घातांक असा काढ, टाऊ म्हणजे किती सेकंदांची सरासरी हवी ते. लिनक्सचा लोड ॲव्हरेज असाच आहे, दर ५ सेकंदाला, १, ५ आणि १५ मिनिटांचे तीन, तेही फ्लोट न वापरता. एका मिनिटासाठीचा गुणक १८८४ भागिले २०४८ आहे, म्हणजे ०.९२, ई चा उणे एक-बारांश घातांक. स्क्रीनवरचा थरथरणारा आकडा शांत करायला हे झकास. पण पाणी किती उपसलं ह्याचा हिशोब काकाला द्यायला नको, कारण त्याला विंडोचं टोकच नसतं, सकाळचा अंश दुपारपर्यंत झिरपत राहतो. आणि मोटर चालू होतानाचा पाच-सात पट झटका काढायचा असेल तर कोणतीच सरासरी नको, पाच रीडिंगचा मीडियन (क्रमानं लावल्यावर मधलं) घे.

तपासायला सोपं आहे. दिवसभर एकच किंमत दे, रीडिंगची अंतरं वेडीवाकडी ठेव, सरासरी तीच आली पाहिजे, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग आजचाच डेटा घे, १० ते १०.१० चालू, आणि दर मिनिटाला तासाची सरासरी काढ. १०.१० पर्यंत ती २ वर चढली पाहिजे, ११ पर्यंत २ वरच राहिली पाहिजे, आणि ११.१० ला शून्य. मग तोच डेटा, मधली कुठलीही दहा रीडिंग उडवून, काउंटरवरून परत काढ. १०.०० आणि ११.०० चे काउंटर हातात असतील तर ११ चा आकडा २ च्या इकडंतिकडं जायला नको, गेला तर कोड मला पाठव, बघतो.